माझ्या चरबीचा टक्का कुणाच्या अंगावरून काढला?

आवाज नीट येतोय ना? मागे घरघर ऐकू आली तर ती आमच्या शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीची आहे. आज रविवार, पण त्याला उद्या माल द्यायचाय. पीण्यात रविवार असा अर्धाच असतो.

मी मूळचा निपाणीचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काढली आणि १९९६ साली बेंगळुरूला आलो. तेव्हापासून इथेच, पीण्या औद्योगिक क्षेत्रात. तुमकूर रोडनं कधी बेंगळुरूत शिरला असाल तर जालहळ्ळी क्रॉसच्या आसपास तुम्ही आमच्या शेजारून गेला आहात. वरून मेट्रोची हिरवी लाइन जाते. खाली गल्ल्यांमध्ये सीएनसी, प्रेस, प्लेटिंग, गारमेंट, फाउंड्रीचे नमुने, विमानाचे सुटे भाग, सगळं चालतं. १९७०च्या दशकात वसवलेली ही वसाहत. लहान उद्योगांची एवढी दाटी देशात फार थोड्या ठिकाणी असेल.

माझा धंदा वजनकाट्यांचा. इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचे, लोडसेल बदलायचे, कॅलिब्रेशन करायचं आणि वैधमापनवाल्यांचा शिक्का बसेपर्यंत काटा सोडायचा नाही. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. आज बोलणार आहे ते शरीरातल्या चरबीबद्दल. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी हा सांगितला आणि पलीकडे दोन सेकंद शांतता झाली. त्यांना वाटलं होतं मी ‘लघुउद्योगातल्या संधी’ वगैरे बोलेन.

तर आधी काट्याचीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

इथल्या एका कारखान्यानं युरोपातून एक चांगला, महागडा काटा मागवला. आला, बसवला आणि त्यांचा क्वालिटीवाला माझ्याकडे धावत आला. वीस किलोचं शिक्क्याचं माप ठेवलं की पासष्ट-सत्तर ग्रॅम कमी दाखवतो. त्याला वाटलं वाटेत आदळलाय. मी जाऊन बघितलं. काटा ठणठणीत होता. भानगड अशी, की लोडसेल वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो. पृथ्वी त्या वस्तूला किती जोरात खाली ओढते ते. आणि पृथ्वी सगळीकडे सारखं ओढत नाही. विषुववृत्ताकडे ओढ कमी, ध्रुवाकडे जास्त. जर्मनीच्या उत्तरेला ही ओढ साधारण ९.८१ आहे, बेंगळुरूत ९.७८. आपण दक्षिणेला आहोत आणि शिवाय नऊशे मीटर उंचीवर. फरक शेकडा तीनांशाच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसामागे पाव किलो. तिकडे कॅलिब्रेट केलेला काटा इथे आणून तसाच लावला तर तो इमानदारीनं चुकीचा आकडा दाखवतो. मी आत जाऊन गुरुत्वाची किंमत बदलली, माप ठेवलं, बरोबर वीस किलो.

हे माझं रोजचं काम. आणि तरी हाच प्रश्न स्वतःच्या शरीराबद्दल विचारायला मला सेहेचाळीस वर्षं लागली.

२०१८च्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या सात-आठ युनिटांनी मिळून आरोग्य तपासणीचं शिबिर घेतलं. वजन, उंची, रक्तदाब. आणि त्या वर्षी नवीन आकर्षण म्हणजे चरबी मोजायचं यंत्र. अनवाणी उभं राहायचं, दोन पायांखाली दोन धातूच्या पट्ट्या, वीस सेकंदांत कागद बाहेर. माझी उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६४ किलो, बीएमआय २२.७. चरबी १९.८ टक्के. कागदावर हिरव्या पट्ट्यात टिंब, खाली ‘उत्तम’. आमचा मेस्त्री माझ्याहून तीन वर्षांनी लहान, हावेरीकडचा, उंची १६३, वजन ५९, बीएमआय २२.२. तोही हिरव्यात. तो कागद त्यानं लेथच्या मागे चिकटवून ठेवला. मला म्हणाला, “सार, आपण दोघं जवान.”

ऑगस्टमध्ये रात्रपाळीला त्याच लेथपाशी तो खाली बसला. घाम, छातीत दुखणं. पोरांनी रिक्षात घालून नेलं, वेळेवर नेलं. स्टेंट पडली. आणि ऍडमिट करताना कळलं की साखर २४० होती. कधीपासून होती देव जाणे. त्याच्यावर मी सगळं चरबीचं खापर फोडत नाही. बिडी होती, रात्रपाळी होती, झोप नव्हती. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा शर्ट वर करून पोटाला टेप लावला आणि एक्क्याण्णव सेंटीमीटर लिहिलं. मग माझ्याकडे वळून बघितलं. माझ्याकडे म्हणजे, माझ्या शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणाकडे. म्हणाल्या, “तुम्ही कधी तपासलंय?” मी खिशातून मोबाइल काढून त्यांना तो हिरवा कागद दाखवला. त्या हसल्या नाहीत. उद्या उपाशी पोटी या म्हणाल्या.

मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी ७.४. घरी आल्यावर बायकोनं शिवणाचा टेप काढला. कंबर ९४. “अहो, तुमची पँट तर चौतीसची आहे,” ती म्हणाली. चौतीस इंच म्हणजे शहाऐंशी सेंटीमीटर. बरोबर आहे. दहा वर्षं पँट चौतीसचीच होती. फक्त ती दर वर्षी थोडी थोडी खाली सरकत होती आणि पोट तिच्यावरून पुढे येत होतं. आपल्याकडच्या पुरुषांचं हे मोठं फसवं माप आहे. पट्ट्याचं भोक बदललं नाही म्हणून आपण खूष.

मग माझ्यातला काटेवाला जागा झाला. त्या यंत्रानं नक्की काय मोजलं होतं?

मी तसंच एक यंत्र विकत आणलं आणि उघडलं. चार लोडसेल, ते माझ्या ओळखीचे. आणि दोन पट्ट्यांमधून अगदी बारीक, न जाणवणारा उलटसुलट विद्युतप्रवाह. एका पायातून वर, दुसऱ्यातून खाली. स्नायूत पाणी आणि क्षार असतात, त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडते. म्हणजे यंत्र दोनच गोष्टी मोजतं, वजन आणि विद्युतरोध. उंची, वय, स्त्री की पुरुष हे आपण सांगतो. आणि मग हे सगळं एका सूत्रात घालून ते आकडा काढतं. चरबी त्यानं बघितलेलीच नसते.

एक प्रयोग केला, तुम्हीही करून बघा. एकदा नुसता उभा राहिलो. मग दोन्ही हातांत मिळून पाच किलोची शिक्क्याची लोखंडी मापं घेऊन उभा राहिलो. यंत्रानं त्या पाच किलोंतला बहुतेक भाग माझी चरबी म्हणून दाखवला. बीड लोखंड! त्याचा काय दोष? पायातून जाणारी वीज तेवढीच, वजन वाढलं, मग वाढलेलं वजन चरबीच असणार असं सूत्र म्हणतं. उंची मुद्दाम पाच सेंटीमीटर चुकीची टाकली, टक्का बदलला. ‘खेळाडू’ असं बटण असतं, ते दाबलं तर मी पाच मिनिटांत सडसडीत झालो. पाळी संपल्यावर घामेजलेल्या अंगानं मोजलं तर आणखी वेगळाच आकडा.

त्याहून वाईट म्हणजे पायातून पायात जाणारी वीज पोटापर्यंत फारशी येतच नाही. हातांनाही पकडायची मोठी यंत्रं असतात, ती जास्त बरी. पण तिथेही एक अडचण आहे. आपल्या धडात शरीराचं जवळपास निम्मं वजन असतं, पण एकूण विद्युतरोधात धडाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. कारण धड जाड आणि आखूड, हातपाय लांब आणि बारीक. तुम्ही वायरिंग केलं असेल तर लगेच लक्षात येईल. म्हणजे ज्या पोटात खरा गोंधळ आहे, तिथे काय चाललंय याचा यंत्राला पत्ता सगळ्यांत कमी.

आता सूत्र. हे सूत्र कुठून येतं? काट्याला आपण शिक्क्याचं माप लावून पारखतो. चरबीच्या सूत्राला शिक्क्याचं माप कोणतं?

पूर्वीची रीत अशी, की माणसाला पाण्याखाली बुडवून त्याचं वजन करायचं. आर्किमिडीजचीच युक्ती. त्यातून शरीराची घनता मिळते. चरबीची घनता सुमारे ०.९, बाकी शरीराची सुमारे १.१ असं धरायचं आणि सिरी नावाच्या शास्त्रज्ञाच्या १९५०च्या दशकातल्या समीकरणात टाकायचं: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. हा झाला टक्का. ते १.१ सगळ्या जगातल्या हाडांना आणि स्नायूंना तंतोतंत लागू आहे हे गृहीत. पण सगळ्यांना कुठे बुडवत बसणार? म्हणून चिमट्यानं कातडीची घडी मोजायची पद्धत आली. डर्निन आणि वोमर्स्ली यांनी १९७४ साली तक्ते छापले, जगभर वापरले जातात. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर अशा चार घड्या मोजायच्या. उत्तम काम. मोजलेली माणसं ४८१, स्कॉटलंडमधली, ग्लासगोची.

नुसत्या बीएमआयवरून टक्का काढायचं एक सोपं सूत्र आहे, इंटरनेटवरच्या पुष्कळ कॅलक्युलेटरांच्या पोटात तेच असतं. पॉल ड्यूरेनबर्ग आणि सहकाऱ्यांचं, १९९१चं. बीएमआय गुणिले १.२, अधिक वय गुणिले ०.२३, वजा ५.४, आणि पुरुष असेल तर आणखी वजा १०.८. मी माझे आकडे टाकले. २१.६ टक्के. हे सूत्र बसवलं होतं नेदरलँड्समधल्या माणसांवर. म्हणजे माझं पोट डच मापानं मोजलं जात होतं. निपाणीचं पोट!

इथे ड्यूरेनबर्ग यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. स्वतःचं सूत्र सगळीकडे चालतंय असं धरून ते बसले नाहीत. १९९८ साली त्यांनीच निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून दाखवलं की तेवढीच चरबी, तेच वय, तेच लिंग असताना बीएमआय वेगवेगळा येतो. गोऱ्या युरोपीय माणसाशी तुलना केली तर पॉलिनेशियन लोकांचा बीएमआय ४.५नं जास्त, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा १.३नं जास्त. उलट चिनी लोकांचा १.९नं कमी, थाई लोकांचा २.९नं, इंडोनेशियातल्या लोकांचा ३.२नं, इथिओपियातल्या लोकांचा ४.६नं कमी. म्हणजे बीएमआय तीसचा सामोआचा रग्बीवाला आणि बीएमआय तीसचा जकार्ताचा कारकून यांना एकाच रांगेत उभं करणं म्हणजे बर्लिनचा काटा पीण्यात लावणं. २०००च्या सुमाराला सिंगापुरात चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांची तुलना झाली. त्याच बीएमआयला सगळ्यांत जास्त चरबी भारतीयांच्या अंगावर निघाली. कारणांमध्ये बारीक हाडापेर आणि पायांची लांबी हेही आलं. बारीक मनगटं, काटकुळे पाय, कमी स्नायू. ते सगळं हलकं. त्यामुळे काट्यावर पोटाला जागा शिल्लक राहते आणि बेरीज तेवढीच येते.

पण या विषयातला माझा सगळ्यांत आवडता पुरावा एक फोटो आहे. आणि तो पुण्याचा आहे, निदान अर्धा.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघं मधुमेहाचे संशोधक, दोघं मित्र, दोघांची आडनावं इंग्रजीत वाय अक्षरानं सुरू होणारी. २००४च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा एकच पानाचा मजकूर आला, ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून. फोटोत दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. डेक्सा स्कॅनमध्ये युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! खाली त्यांनी मिस्कीलपणे लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. पण त्यातच एक गंभीर वाक्यही आहे. याज्ञिक जन्मले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं आणि त्याचाही संबंध असू शकेल.

हे त्यांनी हवेत सोडलेलं नव्हतं. १९९३पासून पुण्याच्या आसपासच्या सहा गावांमध्ये गरोदर बायांचा अभ्यास केईएमनं चालवला. तिथली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं यांची तुलना २००३ साली छापली. आपल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्याचं ३.५. बाळ लहान, हातपाय बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीवर, फऱ्याखाली चिमट्यानं घडी मोजली तर तिथली चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत. पोटातच उपासमार झाली तर शरीर काय सोडायचं आणि काय राखायचं ते ठरवतं, आणि चरबी राखतं. ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय बाळ ही कल्पना तिथून आली. त्यामुळे वंश, जात, रक्त या शब्दांशी जरा जपून. यातलं किती रक्तातलं आणि किती आजीच्या-आईच्या ताटातलं, हे वेगळं काढणं सोपं नाही. माझी आजी तंबाखूच्या वखारीत बिड्यांची पानं निवडायला जायची. तिच्या ताटात काय असायचं ते मला आईकडून माहीत आहे.

बरं, मग डॉक्टर लोकांनी काही केलं की नाही? केलं, पण गमतीशीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक २००२ साली सिंगापुरात झाली, अहवाल २००४ला आला. त्यांना दिसलं की आशियातही एक आकडा बसत नाही. कुठे धोका २२ला सुरू होतो, कुठे २५ला. म्हणून त्यांनी २५ आणि ३० या जागतिक रेषा तशाच ठेवल्या आणि २३ आणि २७.५ या जादा खुणा सुचवल्या. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९मध्ये स्पष्ट सांगितलं: २३च्या वर जादा वजन, २५च्या वर लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटर, बाईची ८०. हे कागदावर येऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हा आमचं शिबिर झालं. आमच्या कागदावर हिरवा पट्टा पंचवीसपर्यंत होता. आणि टेप कुणी आणलाच नव्हता.

टेप का हवा ते एका आकड्यावरून सांगतो. २०२३ साली आयसीएमआरच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचे निकाल आले. प्रौढांमध्ये बीएमआयच्या भारतीय मापानं लठ्ठ २८.६ टक्के. कमरेच्या मापानं लठ्ठ ३९.५ टक्के. मधल्या त्या अकरा टक्क्यांत मी आणि माझा मेस्त्री.

आता उलटी बाजू. ती सांगितली नाही तर मी अर्धाच काटा पारखला असं होईल. आमच्या गल्लीत माल चढवणारा एक तरुण आहे, रायचूरकडचा. उंची १६५, वजन ७५. बीएमआय २७.५. एका ठिकाणी त्याला कायम नोकरी लागत होती. मेडिकलमध्ये ‘लठ्ठ’ असा शेरा पडला आणि नाव मागे राहिलं. त्याला मी माझ्या दुकानात उभा केला. खांदे दरवाज्याएवढे. कंबर ८१. साखर तपासली, नॉर्मल. चाळीस किलोच्या गोण्या दहा वर्षं उचलल्यावर स्नायू कुठे जाणार? भारतीय माणसासाठी रेषा खाली आणली हे बरोबरच, पण ती रेषा त्याच्या गळ्याला लागली. पीण्यात ओडिशाचे आहेत, बिहारचे आहेत, आसाम-मणिपूरचे आहेत, तामिळ आहेत, आमच्यासारखे सीमाभागातले आहेत. हमाल आहेत आणि दिवसभर सॉफ्टवेअरवर बसणारे आहेत. ‘भारतीय’ हीसुद्धा एक माणसाची उंची-वजन नसलेली गोष्ट आहे. शेरा मारणाऱ्यानं टेप एकदा लावला असता तर तीस सेकंदांत काम झालं असतं.

माझं पुढे काय झालं ते राहिलंच. मी हट्टानं एका हॉस्पिटलात जाऊन डेक्सा करून घेतलं. सपाट झोपवतात, अगदी कमी क्ष-किरण दोन वेगवेगळ्या शक्तींचे सोडतात, त्यावरून हाड, चरबी आणि बाकीचं वेगळं काढतात. उत्तर २७.१ टक्के. म्हणजे पायाखालचं यंत्र १९.८ म्हणालं, डच सूत्र २१.६ आणि डेक्सा २७.१. आणखी एक नवं सूत्र आहे, २०१८चं, लॉस एंजेलिसच्या संशोधकांचं. त्यात वजनच नाही! पुरुषासाठी ६४मधून उंची भागिले कंबर, गुणिले २०, एवढं वजा करायचं. बाईसाठी ६४च्या जागी ७६. माझं आलं २८.३. डेक्साच्या जवळ. मी आनंदानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एका माणसावर जुळलं म्हणजे सिद्ध झालं का? बरोबर आहे. एका मापावर काटा पास करत नाहीत हे मीच लोकांना सांगतो. तेही सूत्र अमेरिकेतल्या मेक्सिकन, युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांवर पारखलेलं. आणि डेक्सालाही देव मानू नका, दोन कंपन्यांची यंत्रं एकाच माणसाला वेगळा आकडा देतात. पण त्या सूत्रातली एक गोष्ट मला पटते, ते कमरेकडे बघतं. आपल्या शहरातच, पार पलीकडच्या टोकाला कोरमंगलात, सेंट जॉन्समध्ये डॉ. अनुरा कुरपाड यांच्या गटानं भारतीयांच्या शरीररचनेची मोजमापं कित्येक वर्षं केली आहेत. आपल्या अंगावर पारखलेली मापं हवीत तर ती अशा कामातूनच येणार, जाहिरातीतून नाही.

यंत्र टाकून दिलं का? नाही. ते घरी आहे. रोज सकाळी, त्याच वेळी, पाणी पिण्याआधी उभा राहतो. टक्का खरा मानत नाही, पण तोच खोटा काटा रोज त्याच पद्धतीनं वापरला तर उतार-चढाव कळतो. सहा वर्षांत कंबर ९४ची ८७ झाली, वजन फक्त तीन किलोनं उतरलं. गोळ्या चालू आहेत. भात कमी केला, वजनं उचलायला लागलो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या काट्यावर उचलून ठेवत होतो, आता मोजून उचलतो.

शिबिर दर जानेवारीला होतं. आता कागदावर कंबरेचा रकाना आहे. पहिल्या वर्षी गारमेंटच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि टेपवाला पुरुष बघून निम्म्या परत गेल्या. मग नर्सबाई बोलावल्या, पडदा लावला. तरी काही जणी लाजायच्या. शेवटी मेस्त्रीनं तोड काढली. हो, तोच. आता दिवसपाळीला असतो, बिडी सुटलीय, जवळपास. त्यानं सुतळीचा गुंडा आणला. आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, बरोबर मध्यात दुमडायची आणि श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाभोवती फिरवायची. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर रक्त तपासून घ्यायचं. आकडा नको, भाषा नको, सूत्र नको. बाई घरी जाऊन एकटी करू शकते, नवऱ्याचंही करू शकते. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनंही २०२२ साली कंबर उंचीच्या निम्म्याखाली ठेवा असं लोकांना सांगायला सुरुवात केली. आमच्या मेस्त्रीला हे मी दाखवलं तर म्हणाला, “सार, त्यांना सुतळी पाठवू का?”

तो गुंडा इथेच आहे, टेबलाच्या खणात. थांबा, काढतो. हां. आणि कात्री. कॅमेरावाले दादा, तुम्ही मघापासून कॅमेऱ्यामागे आहात, पण शर्टाचं चौथं बटण मला इथून दिसतंय. कॅमेरा बंद करा आणि या पुढे.